काकाकुवा, राघू आणि पिंजऱ्यातील भाषा

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आमच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी एक विषय सुचविला. ती मूळची कंधारची. तिच्या घरी गेली अकरा वर्षे एक राघू पिंजऱ्यात आहे. घरातील माणसांच्या हाका, दारावरून जाणाऱ्या भाजीवाल्याची आरोळी, आजीचे ‘आलास का रे बाबा’ हे सर्व तो त्या त्या माणसाच्या ढबीत म्हणून दाखवितो. ह्या बोलांचे ध्वनिमुद्रण करून त्यांतील स्वर-व्यंजनांचे विश्लेषण करावे, आणि तुलनेसाठी एखादा काकाकुवा विकत घेऊन त्यालाही तीच वाक्ये शिकवावीत, अशी तिची योजना होती. सूचना चतुर होती, आणि भाषाभ्यासकाला मोह पाडणारीही होती. तरीसुद्धा ती मान्य करता आली नाही. ती का मान्य करता आली नाही, ह्याचे उत्तर देण्यासाठी प्रस्तुत लेखकास प्राणिशास्त्राच्या प्रांतात थोडे शिरावे लागले. त्या शोधातून जे हाती लागले ते येथे मांडले आहे.

१. शब्दाचा प्रवास

आरंभ शब्दापासूनच करणे आम्हांस सोयीचे. ‘काकाकुवा’ हा शब्द ऐकताच त्यात ‘काका’ हे नातेवाचक नाम आहे असे वाटते, आणि लहान मुले तर त्याला खुशाल काका म्हणूनच हाक मारतात. वस्तुतः हा शब्द मलाय भाषेतील ‘ककतुआ’ ह्या शब्दापासून निघालेला आहे. त्याच भाषेत हा शब्द खिळे उपटण्याच्या पकडीलाही लावतात. ह्या पक्ष्याची चोच ज्याने जवळून पाहिली आहे त्याला ह्या अर्थविस्ताराचे नवल वाटणार नाही. मसाल्याच्या बेटांशी व्यापार करणाऱ्या पोर्तुगीज व डच नाविकांच्या तोंडून हा शब्द युरोपात गेला. इंग्रजीत त्याच्या पहिल्या अवयवावर कोंबड्याच्या नावाची छाया पडली आणि ‘कॉकटू’ हे रूप झाले. हिंदीने ‘काकातुआ’ हे मूळाजवळचे रूप राखले. मराठीत मात्र ‘तु’ च्या जागी ‘कु’ आला. आधीच्या दोन ककारांनी पुढील तकाराला आपल्यासारखे करून घेतले, असे ह्या रूपाचे सरळ स्पष्टीकरण देता येते. मराठीत शिरलेल्या ‘काका’ ह्या भासानेही त्याला हातभार लावला असावा. शब्द परका, परंतु आम्ही त्याला घरातला करून टाकला.

राघूची गोष्ट निराळी. तो मुळातच येथला. कंधार, मुखेड, देगलूर ह्या तालुक्यांत त्याला राघू, पोपट, रावा अशी नावे आहेत. पूर्वेस तेलुगू बोलणारा शेतकरी त्याला ‘चिलुक’ म्हणतो, दक्षिणेस कन्नड बोलणारा ‘गिणि’ किंवा ‘गिळि’ म्हणतो, आणि दखनी बोलणाऱ्या घरांत तो ‘तोता’ किंवा ‘मिठ्ठू’ असतो. पोथीत तो ‘शुक’ व ‘कीर’ होतो. ज्या पक्ष्याला इतक्या भाषांनी आपापले नाव दिले, त्याच्याशी माणसाचा शेजार किती जुना आहे हे वेगळे सांगावयास नको.

२. काकाकुव्याचा नैसर्गिक इतिहास

पोपटांच्या विशाल गणात काकाकुव्यांचे स्वतंत्र कुल मानले जाते. त्यात सुमारे २१ जाती आहेत. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, सॉलोमन बेटे, इंडोनेशियाची पूर्वेकडील बेटे आणि फिलिपाइन्स हा त्यांचा प्रदेश होय. आशियाच्या मुख्य भूमीवर मूळची एकही जात नाही. तेव्हा भारतात दिसणारा प्रत्येक काकाकुवा हा माणसाने समुद्रापलीकडून आणलेला, अथवा तशा आणलेल्या पक्ष्यांच्या वंशातला असतो.

दोन पुढे व दोन मागे अशी पायाच्या बोटांची रचना, आणि कवटीशी हलत्या सांध्याने जोडलेली वरची चोच ही पोपटांची सामान्य लक्षणे त्यात आहेत. परंतु काही भेद लक्षणीय आहेत. डोक्यावरचा तुरा तो इच्छेनुसार उभारतो किंवा मिटवितो, आणि त्यावरून त्याची भीती, राग वा उत्सुकता कळते. बहुतेक पोपटांत नसलेले पित्ताशय त्याला असते. ज्या सूक्ष्म रचनेमुळे पोपटांची पिसे निळी व हिरवी दिसतात, ती त्याच्या पिसांत नसते. म्हणून काकाकुवे पांढरे, काळे, करडे, गुलाबी किंवा पिवळ्या छटांचे असतात, हिरवे कधीच नसतात. त्याच्या अंगावरची काही पिसे सतत झिजून त्यांची बारीक पूड होते व ती सर्वांगावर पसरते.

मोठ्या जातींचे काकाकुवे जुन्या झाडांच्या ढोलीत एक ते तीन अंडी घालतात. पाम काकाकुव्याची मादी तर एका वेळी एकच अंडे घालते. जोडी पुष्कळदा आयुष्यभर टिकते. पिलू उडू लागल्यानंतरही बराच काळ आईबापांच्या सोबतीने राहते, आणि काय खावे, कोठे खावे, कोणाला भ्यावे हे त्या सोबतीत शिकते. आयुष्य दीर्घ, संतती थोडी, शिक्षण लांब असा हा संसार आहे. १९३३ साली जन्मलेला ‘कुकी’ नावाचा मेजर मिचेल जातीचा काकाकुवा शिकागोजवळील ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयात २०१६ साली मरण पावला, तेव्हा त्याचे वय ८३ वर्षांचे होते.

त्याच्या बुद्धीविषयी अलीकडे जे कळले आहे ते विस्मयकारक आहे. पाम काकाकुव्याचा नर काठीचा तुकडा तोडून, तो पायात धरून, पोकळ खोडावर ताल धरतो. सिडनी शहरातील पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे कचऱ्याच्या पेट्यांची झाकणे उघडावयास शिकले. २०१८ पूर्वी ही युक्ती ३ उपनगरांत दिसत होती, ती २०१९ च्या अखेरीस ४४ उपनगरांत पसरल्याची नोंद संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. शिवाय झाकण उघडण्याची पद्धत उपनगरागणिक थोडीथोडी निराळी होती. बोलीभाषांचे नकाशे काढणाऱ्याला हे वाचून आपल्याच शास्त्राची आठवण व्हावी.

हा पक्षी माणसाच्या दरबारात केव्हापासून आहे? सम्राट दुसरा फ्रेडरिक ह्याच्या पक्ष्यांच्या साहाय्याने शिकार करण्याच्या विद्येवरील तेराव्या शतकातील लॅटिन ग्रंथाची हस्तलिखित प्रत व्हॅटिकनमध्ये आहे. तीत पांढऱ्या काकाकुव्याची ४ चित्रे असून, हा पक्षी इजिप्तच्या सुलतानाने भेट दिल्याचा उल्लेख आहे. पूर्वेच्या बेटांवरून निघालेला तो जीव व्यापाऱ्यांच्या हातांतून सिसिलीपर्यंत गेला. म्हणजे पिंजऱ्याचा हा प्रवास किमान पावणेआठशे वर्षांचा आहे.

३. पक्षी बोलतो म्हणजे काय करतो?

येथे आपल्या विषयाचे मर्म आहे. पोपट बोलतो म्हणून माणूस त्याला धरून ठेवतो. इराणच्या दरबारी राहिलेला ग्रीक वैद्य क्टेसिअस ह्याने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास भारतातील एका पक्ष्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. हा पक्षी भारतीयांची भाषा माणसासारखी बोलतो, आणि शिकविल्यास ग्रीकही बोलेल, असे तो सांगतो. तेव्हापासून आजपर्यंत आपण ‘तो काय बोलतो’ हेच विचारीत आलो. ‘तो का बोलतो’ हा प्रश्न शास्त्रात फार उशिरा आला.

ऐकून नवे ध्वनी आत्मसात करण्याची शक्ती पक्ष्यांत मुख्यतः तीन गटांत आढळते: गाणारे पक्षी, गुंजनपक्षी आणि पोपट. पोपटाचा आवाज श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या ‘शब्दिनी’ नावाच्या इंद्रियात निर्माण होतो. ओठ नसताना आपले ओष्ठ्य वर्ण तो बऱ्याच अंशी जमवून आणतो. परंतु रानात तो आपल्या वर्णमालेची उठाठेव करीत नाही. तेथे त्याच्या ह्या शक्तीचा उपयोग काय?

ऑस्ट्रेलियात इअन रोली व ग्रॅहम चॅपमन ह्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण ह्या दृष्टीने फार बोलके आहे. गुलाबी-करड्या रंगाचा गॅला आणि मेजर मिचेल ह्या दोन जातींचे काकाकुवे कधीकधी एकाच ढोलीसाठी भांडतात, आणि मेजर मिचेल जोडी जिंकली म्हणजे गॅलाची अंडीही तीच उबविते. अशा परक्या घरात वाढलेल्या गॅला पिलांचे अन्न मागण्याचे आणि भयसूचनेचे आवाज गॅलाचेच राहिले. मात्र थव्यातील सोबत्यांना दिलेली हाक, म्हणजे ‘मी येथे आहे, तू कोठे आहेस’ ह्या अर्थाचा संपर्कध्वनी, त्यांनी पालक जातीचा उचलला. भूक व भय ह्यांचे आवाज जन्माने मिळतात, आप्तपणाचा आवाज मात्र शिकावा लागतो, हे ह्यावरून दिसते.

व्हेनेझुएलातील एका लहान पोपटाच्या जातीवर कार्ल बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. आईबाप प्रत्येक पिलाला निराळी हाक देतात, आणि पिलू तीत थोडा बदल करून ती आपली करते. अंडी एका घरट्यातून दुसऱ्यात ठेवली तरी पिलांच्या हाका पाळणाऱ्या आईबापांच्याच वळणावर गेल्या. ‘नाव ठेवणे’ ह्या क्रियेच्या इतक्या जवळ जाणारे उदाहरण मनुष्येतर सृष्टीत विरळाच सापडते. टिमथी राइट ह्यांनी १९९६ साली कोस्टारिकातील पिवळ्या मानेच्या पोपटांच्या तीन प्रादेशिक बोली नोंदविल्या. दोन बोलींच्या सीमेवरील रात्रनिवाऱ्यांत काही पक्षी दोन्ही बोलींच्या हाका देत होते. देगलूरच्या बाजारात एकाच दमात मराठी व तेलुगू बोलणारा दुकानदार ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ही स्थिती अनोळखी वाटणार नाही.

ह्या सर्वांचे तात्पर्य असे, की पोपटवर्गीय पक्ष्याचे ध्वनिशिक्षण हे थव्यात सामील होण्याचे साधन आहे. आपले थवेकरी जो आवाज करतात तो तो शिकतो. पिंजऱ्यात एकट्याने ठेवलेल्या पिलाला थवेकरी म्हणून फक्त माणसे मिळतात. म्हणून ते माणसांची हाक शिकते. कंधारच्या त्या घरातील राघूने आजीचे ‘आलास का रे बाबा’ उचलले, ह्यातील मर्म हेच आहे. घरी परतणाऱ्याला दिलेली ती हाक होती, आणि रानातल्या राघूचा संपर्कध्वनीही त्याच कामाचा असतो. आपण त्याला चतुराई म्हणून दाद देतो, परंतु ती सोबतीची मागणी असते.

येथे ‘पोपटपंची’ ह्या आपल्या शब्दाबद्दलही थोडे म्हटले पाहिजे. अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी असा त्याचा अर्थ आहे. परंतु आयरीन पेपरबर्ग ह्यांनी १९७७ पासून ३० वर्षे शिकविलेल्या ‘अॅलेक्स’ नावाच्या करड्या आफ्रिकी पोपटाने रंग, आकार व लहान संख्या ह्यांची नावे योग्य वस्तूंना लावून दाखविली. त्याला माणसाची भाषा आली असे म्हणता येणार नाही. परंतु त्याचे बोलणे निव्वळ प्रतिध्वनी होते असेही म्हणता येत नाही. पोपटपंची हा शब्द पोपटापेक्षा आपल्या परीक्षापद्धतीचे वर्णन अधिक चांगले करतो.

४. आपल्या घरचा कैदी

कंधारचा भुईकोट किल्ला, त्याचा खंदक आणि परिसरातील जुनी वड-चिंचेची झाडे सायंकाळी राघूंच्या आवाजाने भरून जातात. हा राघू शेपटीसह सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचा असतो. नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ असतो, मादीच्या गळ्यात तो नसतो. झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात तो घर करतो. शेतकऱ्याशी त्याचे सख्य नाही. ज्वारी, मका, सूर्यफूल ह्यांवर थवा उतरला, की तो खातो थोडे आणि नासतो फार. गोफण घेऊन माळ्यावर उभ्या असलेल्या राखणदाराला त्याचे कौतुक सांगावयास जाऊ नये. आणि तरीही त्याच शेतकऱ्याच्या घरी ओट्यावर राघूचा पिंजरा टांगलेला असतो. शेतातला थवा हा चोर, आणि पिंजऱ्यातला एकटा राघू हा घरचा, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

तो घरचा कसा होतो हे आपल्या वाङ्मयाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त वैशंपायन नावाचा पोपट राजसभेत आपली कथा सांगतो. तिच्या आरंभीच एक वृद्ध शबर शाल्मली वृक्षावर चढून ढोल्यांतील पिले काढतो व मारून खाली टाकतो, हा प्रसंग आहे. वैशंपायन वाचतो तो पित्याच्या पंखाखाली दडल्यामुळे. बोलक्या पोपटाच्या कथेचा पाया असा उद्ध्वस्त घरट्यावर रचलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट धरण्याच्या नळीचा दृष्टांत आला आहे. पक्षी नळीवर बसतो, त्याच्या भाराने ती उलटी फिरते, आणि सोडून दिली असती तर उडता आले असते अशी ती नळी भयाने तो अधिकच घट्ट धरतो. ज्ञानदेवांनी तो दृष्टांत जीवाच्या बंधनासाठी वापरला; परंतु पारध्याची युक्ती त्या काळच्या श्रोत्यांस ठाऊक होती, हेही त्यावरून कळते. आज पोपट मुख्यतः पिले असतानाच ढोलीतून काढले जातात, कारण लहानपणी धरलेला पक्षीच माणसाचे बोल नीट उचलतो. म्हणजे त्याच्या बोलण्याची किंमत त्याच्या आईबापांच्या ताटातुटीने चुकती झालेली असते.

५. पाळण्याची योग्यता

आता काकाकुवा पाळण्यास योग्य आहे काय, ह्या प्रश्नाकडे वळू. बोलका पक्षी हवा म्हणून जो काकाकुवा घेईल त्याची पहिली निराशा बोलण्याच्याच बाबतीत होईल. काही शब्द तो शिकतो. परंतु करड्या पोपटाची किंवा आपल्या राघूची स्पष्टता त्याला सहसा साधत नाही. त्याचा मूळ आवाज मात्र मोकळ्या रानात दूरवर पोहोचण्यासाठी घडलेला आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत सकाळ-संध्याकाळ तो आवाज काय करील ह्याची कल्पना करावी. त्याची चोच लाकूड फोडण्यासाठी आहे, आणि पिंजऱ्यात लाकूड मिळाले नाही तर ती दाराखिडक्यांवर चालते. पिसांच्या पुडीने दम्याच्या रोग्यास त्रास होतो. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर ठेवल्यास त्याच्या अंगी चरबी साठते व यकृत बिघडते. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसास होणारा शुकज्वर नावाचा फुप्फुसांचा संसर्गही ध्यानात ठेवला पाहिजे.

परंतु खरी अडचण ह्याहून खोल आहे. हा पक्षी एका माणसाला जोडीदार मानतो, आणि तो माणूस सकाळी दहाला कामावर जाऊन सायंकाळी सहाला परत येतो. थव्याची सवय असलेला जीव आठ तास एकटा राहिला की प्रथम ओरडतो. पुढे कित्येकदा स्वतःची पिसे उपटू लागतो. छाती उघडी पडेपर्यंत उपटतो. चाळिशीतल्या माणसाने आज पिलू घेतले तर ते त्याच्या मुलांच्या व कदाचित नातवंडांच्याही वाट्याला जाईल. घर बदलले म्हणजे त्याची जोडी मोडते. कुत्रा व गाय ह्यांना हजारो वर्षांच्या निवडीने माणसाच्या घरासाठी घडविले आहे. काकाकुवा पिंजऱ्यात जन्मला तरी रानातलाच पक्षी असतो.

कायद्याची स्थितीही स्पष्ट समजून घ्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या राघूला संरक्षण दिले, १९९०-९१ पासून भारतीय वन्य पक्ष्यांचा व्यापार बंद झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा होय. काकाकुवा परदेशी असल्यामुळे त्याची व्यवस्था निराळी आहे. कॉकटील ही लहान जात वगळता सर्व काकाकुवे आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइटीस’ कराराच्या पहिल्या वा दुसऱ्या परिशिष्टात येतात. मोलुक्कन, फिलिपाइन, तनिंबारचा व पाम काकाकुवा हे तर अधिक कडक अशा पहिल्यातच आहेत. दुरुस्त कायदा व २०२४ चे नियम ह्यांनुसार असा पक्षी ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याची नोंदणी शासनाकडे केली पाहिजे, आणि पुढील हस्तांतर, जन्म व मृत्यूही कळविले पाहिजेत. परिणाम असा झाला आहे, की शेजारच्या चिंचेवरचा राघू पाळता येत नाही, आणि समुद्रापलीकडचा काकाकुवा कागदपत्रे असतील तर पाळता येतो. हा भेद कायद्याच्या व्यवस्थेचा आहे. पक्ष्याच्या गरजेत असा भेद नाही. राघू अयोग्य ज्या कारणाने ठरतो, त्याच कारणाने काकाकुवा अधिकच अयोग्य ठरतो.

६. समारोप

त्या विद्यार्थिनीला हे सर्व समजावून सांगितल्यावर तिने एकच प्रश्न विचारला: ‘मग आमच्या राघूचं काय करायचं?’ प्रश्न सोपा नव्हता. पिंजऱ्याचे दार उघडून त्याला सोडून द्यावे, हा पहिला विचार सर्वांस सुचतो आणि तोच बहुधा चुकीचा असतो. ज्याने अकरा वर्षांत पंख पुरते पसरले नाहीत, भक्ष्य शोधले नाही, घार ओळखली नाही आणि थव्याची हाक शिकली नाही, तो किल्ल्यावरच्या राघूंत सोडला तर एखाद्या दिवसातच मांजराच्या तोंडी जाण्याचा संभव अधिक. वनविभागास कळवून, त्यांच्या देखरेखीखाली योग्य त्या ठिकाणी त्याला हलविणे हा उचित मार्ग होय. आजीला हे पटविण्यास दोन महिने लागले. पक्षी गेल्यावर पुढचे काही दिवस कोणी घरी आले की सर्वांचे लक्ष त्या रिकाम्या जागेकडे जाई, असे ती सांगत होती. तो माया करीत नव्हता, किंवा त्या घराने माया केली नव्हती, असे आमचे म्हणणे नाही. दोन्ही बाजूंनी माया होती. परंतु त्यातील एका बाजूला दुसरा पर्याय दिला गेलेला नव्हता.

लघुप्रबंधाचा विषय बदलला. कंधार, मुखेड व देगलूर तालुक्यांतील गावांत पक्ष्यांची नावे मराठी, तेलुगू, कन्नड व दखनी बोलणाऱ्यांत कशी फिरली आहेत, ह्याचे संकलन ती आता करीत आहे. त्या कामासाठी पिंजऱ्याची गरज नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पक्ष्यांच्या ध्वनींचाच अभ्यास करावयाचा असेल, त्यांनी ध्वनिमुद्रक घेऊन सूर्यास्तापूर्वी अर्धा तास एखाद्या जुन्या वडाखाली बसावे. तेथे राघू आपसांत बोलतात, ते ऐकावयास मिळेल. त्या बोलण्यात आपला एकही शब्द नसतो, आणि म्हणूनच ते अभ्यासाला अधिक मोलाचे आहे.